नवतपात दरवर्षी जळणारं लॉन: आधी काय तपासायचं, मग काय लावायचं

जुलैत हिरवंगार, दिवाळीला पिवळसर, होळीपर्यंत चट्टे आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भट्टीचे दिवस, लागला की झाडूच्या काड्या. मग पाऊस येतो, माळी जुनं खरवडून काढतो, चौरस फुटाच्या भावानं नवा हिरवा गालिचा अंथरतो, आणि वर्षभरानं आपण पुन्हा त्याच जागी डोक्याला हात लावून उभे. आमच्याकडे हे तीन उन्हाळे चाललं. बेसा-मानेवाड्याकडच्या लेआउटमधला पंधराशे फुटांचा प्लॉट, घरापुढे साधारण ३०० चौरस फूट मोकळी जागा, पश्चिमेला कंपाउंडची भिंत आणि एका कोपऱ्यात आंबा. नागपुरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिन्ही वेळा निदान एकच ऐकलं. "ताई, पाणी कमी पडून राह्यलं तुमचं." म्हणून पाणी वाढवलं. तिसऱ्या वर्षी तर सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभी राहायचे. तरी गेलंच. शेवटी चौथ्या वर्षी पाइप ठेवून कागद-पेन घेतलं.

हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ३०० चौरस फूट म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. मे महिन्यात रोजचं ६ मिलिमीटर धरलं (आपल्या उन्हात हे कमीच झालं), तर दिवसाला १६८ लिटर, महिन्याला पाच हजारांच्या वर. म्हणजे नुसत्या गवतासाठी दर महिन्याला एक टँकर. आपल्याकडे वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, तो काही थोडा नाही. पण त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात येतो. उरलेले आठ महिने गवतानं स्वतःचं स्वतः बघायचं असतं. आणि त्या आठ महिन्यांच्या शेवटी काय उभं असतं, तर ४५-४६ अंश. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ नोंदलं गेलं. २०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्रानं चक्क ५६ दाखवलं होतं. तो सेन्सरचा बिघाड निघाला, पण पश्चिमेच्या भिंतीलगतच्या आमच्या गवतानं त्यावर विश्वास ठेवला असावा.

तर ज्या गवताला मे महिन्यात जागं राहायला रोज १६८ लिटर लागतं, ते गवत या गावाचं नाही. आपल्याला हवं ते मे महिन्यात झोपणारं आणि मृगाच्या सरींनी उठणारं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे प्रश्न बरेच सुटतात.

मेलंय की झोपलंय?

हे आधी बघा, कारण मला आता पक्कं वाटतं की पहिल्या वर्षी माळ्यानं खरवडून फेकलेल्यातलं बरंचसं जिवंत होतं.

तपकिरी गवताची मूठ धरून सरळ वर ओढा. हाताला कांड्या घट्ट लागल्या, काडी तुटली पण मूळ सुटलं नाही, तर बहुतेक झोपलंय. जमिनीलगतची एक कांडी घेऊन गाठीपाशी नखानं खरवडा. आत पांढुरकं-हिरवं ओलसर दिसलं तर जीव आहे. कुरकुरीत, पोकळ, वाळल्या कडब्यासारखं असेल तर तेवढा भाग गेला. अजून शंका असेल तर एक-दोन चौरस मीटरचा तुकडा निवडून त्यावर दोन बादल्या पाणी द्या, तीन दिवसांनी पुन्हा तेवढंच, आणि दहा-बारा दिवस वाट बघा. गाठींवर हिरवे टोक दिसले तर बाकीच्यालाही पावसाची वाटच बघायची आहे.

मूठ ओढल्यावर अख्खी चटई उचलल्यासारखी हातात आली, खाली मुळंच नाहीत, तर प्रकरण वेगळं. तिथं एक फूट लांब-रुंद, वीतभर खोल माती उकरून बघा. पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसल्या तर ती हुमणी. आपल्याकडे शेतकरी उन्नी म्हणतात. तिनं मुळं खाल्लेली असतात. पाणी कितीही घाला, उपयोग नाही. पण हे नुकसान बहुतेक पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग दिसतं. फक्त एप्रिल-मे मध्येच गवत जळत असेल तर उन्नीवर खापर फोडू नका.

खड्ड्यात काय निघालं

आमच्या लॉनचं खरं दुखणं इथं सापडलं. कुदळीनं फूटभराचा खड्डा घ्यायचा म्हटलं तर कुदळ चार बोटांवरच ठण्णकन वाजली. वर दोन-अडीच इंच लाल माती, जी गालिच्याबरोबर आली होती. त्याखाली घर बांधतानाचा मलबा: विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, टाइलच्या खापऱ्या. त्याखाली रोलर फिरवून दाबलेला मुरूम. आणि त्याच्याही खाली, दीड फुटावर, मूळची काळी माती. गवताची मुळं त्या अडीच इंचांच्या पलीकडे कधी गेलीच नव्हती. खोलगट ताटात लावलेलं गवत होतं ते. ताट मे महिन्यात सकाळी भरलं तर दुपारी कोरडं होणारच.

खड्डा खणायचा नसेल तर मोठा पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, घ्या. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी जमिनीत दाबा. सहा इंच सहज गेला तर ठीक. दोन-तीन इंचांवर अडला तर तुमच्याकडेही ताटच आहे. अंगणात सात-आठ ठिकाणी करून बघा, कारण मलबा सगळीकडे सारखा पुरलेला नसतो. आमच्याकडे गेटजवळ पेचकस मुठीपर्यंत गेला, आणि गवतही तिथंच सगळ्यात शेवटी जळायचं. तीन वर्षं हे डोळ्यांसमोर होतं, आणि मी ते गेटच्या सावलीच्या नावावर खपवत होते.

मलबा नसेल आणि नुसती काळी माती असेल, तर त्रास उलटा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भेगा पडताना नाजूक मुळं अक्षरशः ओढली जाऊन तुटतात. पावसाळ्यात पाणी धरून ठेवते ते वेगळंच. यावर वाळू टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. चिकण काळ्या मातीत थोडीशी वाळू मिसळली तर सुटसुटीत माती होत नाही, विटेसारखा गट्टा तयार होतो. कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट मात्र दोन्ही बाजूंनी काम करतं: पावसाळ्यात मातीत हवा राहते, उन्हाळ्यात ओल टिकते. वरून दोन-तीन इंच पसरून वीतभर खोल मिसळा. कुजलेलं म्हणजे काळं, भुसभुशीत, वास नसलेलं. ओलं शेण मिसळलंत तर वाळवी आणि उन्नी दोघींना आमंत्रण, आणि गाजरगवताचं बी फुकट. भेगांत चाळलेलं खतच भरा, पाणी ओतून भेगा बुजवायचा नाद नको.

रोज थोडं पाणी

तिसऱ्या वर्षी मी स्वतःच्या हातानं केलेली चूक ही. रोज थोडं पाणी दिलं की वरचा एक-दीड इंच ओला राहतो, मुळं तिथंच पसरतात, खाली जायचं कारणच उरत नाही. मग दोन दिवस लग्नाला अमरावतीला गेलो की परत येईपर्यंत सगळं पिवळं.

द्यायचं तर एकदाच भरपूर द्या. किती गेलं ते मोजायला श्रीखंडाचे रिकामे सरळ कडांचे डबे चार ठिकाणी ठेवा आणि डब्यात २०-२५ मिलिमीटर पाणी जमेपर्यंत फवारा चालू ठेवा. कडक जमिनीत पाणी मुरायच्या आधी वाहून रस्त्यावर येतं, म्हणून पंधरा मिनिटं देऊन अर्धा तास थांबा आणि मग पुन्हा द्या. पहाटे द्या, नळ तेव्हा नसेल तर आदल्या दिवशी टाकी भरून ठेवा. पुढचं पाणी कधी, हे कॅलेंडर सांगत नाही, पाऊल सांगतं. गवतावरून चाला. दाबलेली पाती पुन्हा उभी राहिली तर थांबा. पाऊल तसंच उमटून राहिलं, रंग निळसर-राखाडी झाला, तर पाणी द्या.

आणि झोपलेल्या हरळीला, म्हणजे दुर्वांच्या गवताला, मे महिन्यात हिरवं करायच्या भानगडीत पडू नका. तिला जिवंत ठेवायला दर तीन आठवड्यांनी १२-१५ मिलिमीटर पुरतं. आमच्या जागेला म्हणजे एका वेळी साधारण ४०० लिटर. टँकरशी ताडून बघा.

कापणीचंही तसंच. उन्हाळा लागायच्या आधी "एकदम बारीक करून टाका" असं माळ्याला सांगू नका. मार्चपासून यंत्राचं पातं वर करा, दोन इंच राहू द्या, आणि एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशाहून जास्त कापू नका. उंच पाती मुळांवर सावली धरतात.

कुलरचं पाणी

हा खास नागपुरी आजार. कुलर मार्चअखेर लागतो तो थेट पाऊस येईपर्यंत, आणि टाकीतलं पाणी फेकायला अंगण समोरच असतं. पाणी वाया जाऊ नये हा विचार चांगलाच, पण कुलर करतो काय, तर पाणी उडवतो आणि क्षार टाकीत ठेवतो. दिवसभर भर घालत राहायचं, म्हणजे आठवड्याच्या शेवटी टाकीत उरतं ते घट्ट खारं पाणी. भरलेलं बोअरचं असेल तर बघायलाच नको. कुलरच्या जाळीवर पांढरा थर चढतो तोच थर गवताच्या मुळाशी बसतो. आरओ यंत्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचंही तेच, त्यातही क्षार एकवटलेले असतात.

ओळखायचं कसं? चट्टा नेमका पाइपच्या तोंडापाशी असतो, पात्यांची टोकं आधी जळतात, आणि जमीन सुकल्यावर वर पांढरट भुकटी दिसते. आमच्या खिडकीखालचा गोल चट्टा दरवर्षी त्याच जागी पडायचा. मी त्याला उन्नी समजून औषध टाकलं होतं, हेही कबूल करते.

हे पाणी फेकून द्या असं म्हणत नाही. एका बादलीत नळाच्या तीन बादल्या मिसळा, दर वेळी जागा बदला, आणि शक्यतो हरळी असलेल्या भागातच टाका. ती क्षार बऱ्यापैकी सोसते. कुंड्या आणि नाजूक रोपांना तर अजिबात नको. पावसाळ्यात साचलेले क्षार धुऊन खाली जातात, पण निचरा असेल तरच. म्हणजे पुन्हा त्या मलब्यापाशी आलो.

कोणतं गवत गळ्यात मारलं गेलं?

नर्सरीत हिरव्या जाळीखाली सगळीच गवतं सुंदर दिसतात. नावांचा गोंधळ तर विचारू नका, एकाच गवताला दोन दुकानांत दोन नावं. म्हणून पातं बघायला शिका.

पातं बोटाएवढं रुंद, मऊ, पोपटी आणि जमिनीलगत चपटे धावरे, म्हणजे आडव्या पसरणाऱ्या कांड्या, असतील तर ते कार्पेट ग्रास. सावलीत चांगलं, दिसतं भरगच्च, लवकर पसरतं, म्हणून तेच जास्त खपतं. पण त्याला सतत ओल लागते. कोकणात किंवा केरळात लावा. आम्हाला तिन्ही वेळा हेच विकलं गेलं, आणि उघड्या उन्हात विकलं गेलं.

बारीक, ताठ, टोचणारी, गडद हिरवी पाती आणि मखमलीसारखे उंचवटे असतील तर ते कोरियन, वेल्वेट किंवा मेक्सिकन नावानं मिळणाऱ्या गटातलं. उन्हात बरं टिकतं, कापणी फार कमी लागते, हा मोठा फायदा. पण पसरायला इतका वेळ घेतं की मधल्या जागेत तण घर करून बसतं. आणि मधला भाग जळला तर भरून यायला दोन पावसाळे जातात. लहान, निवडक जागेला ठीक.

सिलेक्शन वन म्हणजे हरळीचाच निवडलेला, बारीक पानाचा प्रकार. उन्हात छान, पण त्याचा थाट ठेवायचा तर पावसाळ्यात दर आठवड्याला कापा, खत द्या. कमी कामाचं म्हणता येणार नाही.

आणि साधी हरळी, म्हणजे आपल्या दुर्वा. बारीक, करडसर हिरवी पाती, गाठीगाठीचे धावरे, आणि जमिनीखाली पांढऱ्या कांड्यांचं जाळं. वरचं सगळं जळालं तरी खालच्या कांड्या जीव धरून राहतात. मी हिच्यावर आले. त्यावर घरात जे झालं ते सांगायलाच हवं. माझे सासरे काटोलकडचे, उभा जन्म संत्र्याच्या बागेत गेलेला. मी कांड्यांचं पोतं उतरवलं तेव्हा मामाजी ओसरीवरून उठून आले आणि पोत्यात हात घालून बघितलं. "आयुष्य गेलं आमचं हे उपटू उपटू, अन् तू पैसे देऊन लावून राह्यली?" दोन दिवस बोलले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांचा राग हेच हरळीचं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र. जे गवत शेतकऱ्याला चाळीस वर्षांत मारता आलं नाही, ते मला एका उन्हाळ्यात मारता येईल का?

तिच्या दोन अटी आहेत. सहा तास तरी थेट ऊन हवं; सावलीत ती विरळ होत जाते आणि मरते. आणि तिला कुंपण हवं. भाजीच्या वाफ्यात किंवा गुलाबांत शिरली की मामाजींचं म्हणणं पटेल. कडेनं वीतभर खोल कडप्प्याच्या पट्ट्या उभ्या गाडून घ्या.

सगळीकडे गवतच कशाला?

आमच्या आजीच्या अंगणात गवताचं पातं नसायचं. सारवलेली जमीन, सडा, रांगोळी, एक तुळस. दारापुढे हिरवा गालिचा हवा ही हौस अलीकडची. ती असू नये असं नाही, पण ३०० फुटांपैकी जिथं ऊन आहे आणि जिथं खरोखर बसायचं-खेळायचं आहे तेवढ्यालाच गवत ठेवलं, तर काम एकदम निम्म्यावर येतं. आम्ही १६० फूट ठेवलं.

आंब्याखाली गवत लावायचा प्रयत्न सोडा. सावली आहेच, शिवाय आंब्याची मुळं पाणी ओढून घेतात. तिथं मी पडलेला पालापाचोळाच तीन-चार इंच राहू दिला आणि कडेनं बुटका रोईओ, जांभळा सेटक्रेसिया आणि सापासारख्या पट्ट्यांची सॅन्सेव्हिएरिया लावली. शेवटची दोन तर मी विसरले तरी जगतात. पाचोळा बुंध्याला चिकटवू नका, वाळवी चढते. वीतभर मोकळं ठेवा.

पश्चिमेच्या भिंतीलगतची पट्टी हा भट्टीचा भाग. भिंत दुपारभर तापते आणि रात्रभर ते ऊन परत देते. तिथं ऑफिस टाइमची फुलं, म्हणजे पोर्तुलाका, आणि मधूनमधून सदाफुली. पोर्तुलाकाच्या मांसल पानांत पाणी साठलेलं असतं, त्याला मे महिन्याचं ऊन मानवतं. तो मरतो पावसाळ्यात, पाणी तुंबलं की. म्हणून पट्टी चार बोटं उंच केली आणि तिच्यात मुरूम मिसळला. तरी काही रोपं सडतातच. जूनच्या आधी चार काड्या खोडून कुंडीत, छपराखाली ठेवायच्या.

माझी आवडती निवड मात्र जलपिंपळी. तलावाकाठी, नाल्याच्या कडेला आपोआप पसरलेली दिसते: छोटी, टोकाला दातेरी पानं आणि काडीपेटीच्या गुलाएवढी पांढरट-जांभळी फुलं. प्रत्येक गाठीला मूळ फुटतं, जमिनीला चिकटून वाढते, पायदळी सोसते, चिकण माती चालते, आणि कापली नाही तरी बोटभर उंचीवरच थांबते. नावात जल असलं तरी एकदा रुजली की कोरड्यात तग धरते. उन्हाळ्यात पानं गाळून विरळ होते, पाऊस आला की भरते. पहिल्या वर्षी मात्र तिला नियमित पाणी द्यावं लागलं, हे लपवत नाही. दुसरं म्हणजे फुलांवर मधमाश्या येतात. लहान मुलं अनवाणी खेळत असतील तर फुलं आली की वरून एक हात यंत्र फिरवा, किंवा ती चालायच्या वाटेवर लावूच नका. आणि तीही पसरणारीच आहे, तिलाही कडप्पा लागतो.

एक नाव टाळा: वेडेलिया. पिवळ्या फुलांचा, चकचकीत पानांचा, फुकट मिळणारा, "काहीच करावं लागत नाही" म्हणून देतात तो. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत तो आहे. नाल्याकाठी सुटला की दुसरं काही उगवू देत नाही.

लावायचं कधी आणि कसं

तयारी मे महिन्यात, लावणी पावसात. गवत जाळणारं ऊन इथं कामाला लावता येतं. मलबा काढून, खणून, जमीन एकदा भरपूर भिजवा, सपाट करा, वर पारदर्शक पातळ प्लास्टिक पसरा आणि कडा मातीनं गच्च दाबा. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच हवं. चार ते सहा आठवड्यांत वरच्या थरातलं तणाचं बरंचसं बी भाजून निघतं. मोथा, म्हणजे लव्हाळा, मात्र यानं पूर्ण जात नाही; त्याच्या गाठी खोल असतात. ओळखायला दांडा दोन बोटांत फिरवा, तीन कंगोरे लागले तर मोथा. नुसता उपटला तर गाठ खालीच राहते आणि एकाचे चार होतात. ओल्या मातीत खुरप्यानं गाठीसकट काढत राहायचं, न कंटाळता, किंवा उसातल्या मोथ्यासाठी मिळणारं हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक कृषी केंद्रातून आणून लेबलावरच्या प्रमाणातच वापरायचं. हरळी त्याला सोसते, पण फुलझाडांवर आणि जलपिंपळीवर उडू देऊ नका.

मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नका. जूनच्या शेवटी दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाली की लावा. हरळीला गालिचा विकत घ्यायची गरजच नाही. कांड्यांचे तीन-चार गाठींचे तुकडे करा, चार-सहा इंचांवर रेघा ओढून दोन गाठी मातीत जातील असे दाबा आणि पायानं चेपा. पाच-सहा आठवड्यांत जमीन झाकली जाते. पोळ्यापर्यंत ती पूर्ण धरली पाहिजे, कारण पोळा आला की पाऊस भोळा होतो असं म्हणतातच. ऑक्टोबरपासून पाण्यातलं अंतर वाढवत न्या: चार दिवस, मग आठ, मग पंधरा. मुळं याच काळात खाली जातात; इथं लाड केलेत तर मे मध्ये भोगाल. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली गेलं की हरळी थंडीनंही तपकिरी पडते. घाबरू नका, युरिया मारू नका.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर तपकिरी भुंगेरे जमताना दिसले, तर तेच पुढे उन्नीची अंडी घालणार. फांद्या हलवून पाडा आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. पुढे अळ्या निघाल्याच तर शेणखतात मेटारायझियम बुरशी मिसळून ओल्या जमिनीवर पसरा.

यंदाची स्थिती सांगते. मे मध्ये आमचं १६० फूट पुन्हा तपकिरी झालं, अगदी पूर्वीसारखं. शेजारच्या काकू फाटकातूनच म्हणाल्या, "गेलं का गं या वर्षीही?" मी एक कांडी उपटून नखानं खरवडून दाखवली. जूनच्या शेवटी पाऊस झाला, आठ दिवसांत गाठी हिरव्या झाल्या, आणि माळ्याला बोलवावंच लागलं नाही. खिडकीखालचा गोल चट्टा अजून विरळ आहे, तिथले क्षार एका पावसात गेले नाहीत. पेचकस तिथं चार इंचांवर अडतो, म्हणजे मलबा नीट निघाला नव्हता. पुढच्या मे मध्ये तेवढाच तुकडा पुन्हा खणायचा आहे.

गणपतीत गल्लीतल्या सगळ्यांच्या दुर्वा आमच्याकडून जातात. खुडायला मामाजी स्वतः पाट घेऊन बसतात, एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधून देतात. पण कडप्प्याच्या पलीकडे गेलेला एखादा धावरा दिसला, तर पूजा राहते बाजूला. उठतात, मुळासकट उपटतात आणि गेटबाहेर भिरकावून मगच परत बसतात.